बेट नसलेल्या बेटाचे सातशे नकाशे

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या नकाशांचा एक संग्रह आहे. सातशेहून अधिक नकाशे, बहुतेक सतराव्या आणि अठराव्या शतकातले, अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, लंडनच्या नामांकित छापखान्यांतून निघालेले, आणि सगळे एकाच जागी चुकलेले. या नकाशांत कॅलिफोर्निया हे बेट आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटलेलं, मधे समुद्राची लांब पट्टी असलेलं, गाजरासारखं वर रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं बेट. त्यावर डोंगर, खाड्या, संतांच्या नावांची बंदरं, सगळं व्यवस्थित मांडलेलं. ग्लेन मॅक्लॉफ्लिन या संग्राहकाने १९७१ पासून चाळीसेक वर्षं हेच एक बेट गोळा केलं आणि २०११ मध्ये संग्रह विद्यापीठाकडे गेला. चूक सापडली की माणूस ती खोडतो. इथे एका माणसाने ती सातशे वेळा मिळवून जपून ठेवली.

जगाचे जुने नकाशे का जमवायचे, या प्रश्नाला साधारण तीन उत्तरं मिळतात. ते देखणे असतात, दुर्मीळ असतात आणि त्यांचे भाव चढतात. तिन्ही खरी आहेत. ब्लाउ घराण्याचं १६६२ चं अकरा खंडी लॅटिन अ‍ॅटलस, त्यातले सुमारे सहाशे नकाशे आणि त्यांच्या कोपऱ्यांतल्या परकर-पगड्यांच्या आकृती पाहिल्यावर देखणेपणाबद्दल वाद घालायला कुणी जाणार नाही. ‘अमेरिका’ हे नाव ज्यावर पहिल्यांदा आलं त्या वाल्डझेम्युलरच्या १५०७ च्या बारा तावांच्या नकाशाची एकच प्रत उरली आहे. जर्मनीतल्या वोल्फेग गढीत ती १९०१ मध्ये सापडली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००३ मध्ये तिच्यासाठी एक कोटी डॉलर मोजले. पण ही तिन्ही उत्तरं जुन्या पैठणीलाही लागू पडतात आणि आजोबांच्या घड्याळालाही. नकाशाच का, हे त्यांतून कळत नाही. माझ्या मते ते कळतं मॅक्लॉफ्लिन यांच्या वेडाकडे पाहिल्यावर. जुन्या नकाशात जमवण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट त्यातली चूक असते; आणि ती एकटी नव्हे, तिच्या भावंडांसह जमवली तरच तिला अर्थ येतो.

मराठी वाचकाला हे पटवून द्यायला परदेशी जाण्याची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या पोथ्या होत्या आणि त्यांची कुळं लावायची होती. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, हे ठरवायला शुद्ध पाठ फारसा कामाचा नसतो, कारण शुद्ध पाठ कुणाकडेही कुठूनही आलेला असू शकतो. कामाची असते ती सारखी अशुद्धी. दोन नकलकारांनी एकाच ठिकाणी एकच श्लोक गाळला, तिथेच तीच भर घातली, तर दोघांच्या मागे एकच मूळ पोथी आहे असं धरता येतं. नकाशांचंही तसंच. दोन वेगळ्या गलबतांवरच्या दोन खलाशांनी किनारा नीट मोजला तर तो सारखाच येणार. त्यावरून त्यांची ओळख होती की नव्हती, काही कळत नाही. पण नसलेल्या बेटाला नसलेल्या जागी दोघांनी तीच खाच पाडली, तर एकाने दुसऱ्याचं पाहून काढलंय. चूक ही नकाशाची वंशखूण आहे.

कॅलिफोर्नियाचं बेट मुळात गोष्टीतलं. गार्सी रॉड्रिगेझ दे मोन्ताल्व्हो या स्पॅनिश लेखकाच्या सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका अद्भुत कादंबरीत कालाफिया नावाची कृष्णवर्णी राणी आहे, तिच्या राज्यात पुरुष नाहीत, सोन्याखेरीज दुसरा धातू नाही, आणि त्या बेटाचं नाव कॅलिफोर्निया. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसची माणसं १५३० च्या दशकात पश्चिमेकडच्या त्या रखरखीत भूमीला लागली तेव्हा ती बेटच असावी असं त्यांना वाटलं, आणि कादंबरीतलं नाव तिला चिकटलं. इथवर ठीक. पण १५३९ मध्ये फ्रान्सिस्को दे उलोआ कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या पार टोकापर्यंत जाऊन आला, पुढच्या वर्षी एर्नान्दो दे अलार्कोन कोलोरॅडो नदीच्या मुखातून आत शिरला, आणि हा प्रदेश मुख्य भूमीला जोडलेला आहे हे समजलं. मर्केटरच्या १५६९ च्या जगाच्या नकाशात आणि ऑर्टेलियसच्या १५७० च्या अ‍ॅटलसमध्ये कॅलिफोर्निया बिनचूक द्वीपकल्प आहे. म्हणजे बरोबर नकाशा आधी छापला गेला आणि चुकीचा नंतर. ज्ञान जिना चढावा तसं पायरीपायरीने वर जातं, ही आपली लाडकी समजूत या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

ते घसरलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. १६०२-०३ मध्ये सेबास्तियान व्हिस्काईनोच्या मोहिमेबरोबर अंतोनिओ दे ला असेन्सिओन नावाचा कार्मेलाइट पंथाचा साधू या किनाऱ्याने गेला. आखाताचं टोक त्या मोहिमेने पाहिलंच नाही, तरी या साधूने कॅलिफोर्निया बेट असल्याचं ठासून लिहिलं. १६२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मिखिल कोलेनने छापलेल्या एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावर, तळव्याएवढ्या चित्रात, ते बेट पहिल्यांदा छापून आलं. १६२५ मध्ये इंग्लंडात हेन्री ब्रिग्जचा उत्तर अमेरिकेचा नकाशा निघाला. हा ब्रिग्ज कुणी ऐरागैरा नव्हे. लॉगॅरिदमची कोष्टकं ज्याने गणितात रुजवली तो ऑक्सफर्डचा प्राध्यापक. त्याने नकाशावरच टीप दिली, की पूर्वी हा भाग खंडाला जोडलेला मानत, पण डचांनी पकडलेल्या एका स्पॅनिश तक्त्यावरून तो बेट असल्याचं कळलं आहे. चूक जिंकली ती याच टिपेच्या जोरावर. ती अज्ञान म्हणून आली नाही, दुरुस्ती म्हणून आली. शत्रूच्या हातून हिसकावलेल्या गुप्त कागदाचा वास तिला होता आणि पाठीशी गणितज्ञाची पत होती. शिवाय ब्रिग्जला अमेरिका खंड अरुंद हवं होतं. वायव्येकडून पॅसिफिकला जाणारी जवळची वाट आहे, असा निबंध त्याने आधीच लिहिला होता आणि खंडात घुसलेला समुद्र त्या आशेला सोयीचा होता.

गुप्ततेचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. स्पेन आणि पोर्तुगाल आपले समुद्रतक्ते कुलपात ठेवत, त्यामुळे बाहेरच्या छापखान्यांकडे जे येई ते चोरून, लाच देऊन किंवा जहाज पकडून. फेराराच्या ड्यूकचा हस्तक अल्बेर्तो कान्तिनो याने १५०२ मध्ये बारा सोन्याची नाणी देऊन लिस्बनहून एक नकाशा पळवला. भारताचं त्रिकोणी द्वीपकल्प ज्यात ओळखू येईल असं दिसतं, अशा सुरुवातीच्या नकाशांपैकी तो एक. पुढे १८५९ च्या दंगलीत तो मोदेनाच्या राजवाड्यातून लुटला गेला आणि तिथल्याच एका मटणाच्या दुकानात आडोसा म्हणून लावलेला सापडला. गोव्यातली गोष्ट याहून मोठ्या परिणामाची. यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ पासून पाच-सहा वर्षं गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. पोर्तुगीजांची जलमार्गांची माहिती त्याने टिपून नेली, आणि १५९५-९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या ग्रंथांनी डच गलबतांना पूर्वेची वाट दाखवली. त्यातला गोव्याचा भला मोठा नगरनकाशा आजही संग्राहक शोधत असतात. लिन्सखोतेनने चोरलेली माहिती बरीचशी बरोबर निघाली, ब्रिग्जच्या हाती आलेली चूक. विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन्हींत फरक करण्याचं साधन नव्हतं.

मग चूक शंभर-सव्वाशे वर्षं टिकली कशी? मोठा वाटा तांब्याचा. नकाशा कोरला जाई तांब्याच्या पत्र्यावर, उलटा. एका मोठ्या पत्र्यावर कारागिराचे महिनोन् महिने जात. एकदा कोरलेला पत्रा म्हणजे घराण्याचं भांडवल. तो वारशात येई, हुंड्यात जाई, दिवाळं निघालं की लिलावात निघे. मर्केटरचे पत्रे १६०४ मध्ये योडोकस होन्डियसने विकत घेतले आणि मेलेल्या मर्केटरच्या नावावर नवी अ‍ॅटलसं काढली. पत्र्यावर दुरुस्ती करायची तर तो भाग मागून ठोकून वर आणायचा, पुढून घासून गुळगुळीत करायचा आणि नव्याने कोरायचा. एखादं गावाचं नाव घालायला हे परवडे. अख्खं बेट खंडाला जोडायला नाही. इंग्लंडचा जॉन स्पीड १६२९ मध्ये वारला, पण १६२७ च्या त्याच्या अ‍ॅटलसमधला जगाचा नकाशा १६७६ च्या आवृत्तीत पुन्हा छापून आला. तळाशी विक्रेत्यांची नावं तेवढी नवी. बेट जागच्या जागी. पत्र्यात असा प्रत्येक बदल झाला की नकाशाची नवी ‘अवस्था’ झाली असं संग्राहक म्हणतात, आणि अवस्था ओळखणं हा या छंदाचा कणा आहे. ज्याच्याकडे एकच प्रत आहे त्याला ती सुंदर दिसते. ज्याच्याकडे पाच आहेत त्याला घासलेल्या जागेवर जुन्या अक्षरांचे पुसट ओरखडे दिसतात.

कॅलिफोर्नियाच्या बेटाची कुळं अशीच लागली. ब्रिग्जच्या बेटाचं डोकं सपाट आहे, सुरीने कापल्यासारखं. पॅरिसच्या निकोला सांसोंने १६५६ च्या नकाशात तिथे खाचा पाडल्या आणि एक चोच काढली. त्यानंतरचा कुठलाही नकाशा हाती आला की जाणकार आधी बेटाचं डोकं बघतो: सपाट असेल तर ब्रिग्जच्या घराण्यातला, खाचांचा असेल तर सांसोंच्या. लंडनचे नकाशाविक्रेते आर. व्ही. टूली यांनी १९६४ मध्ये अशा शंभर नकाशांची यादी केली; १९९५ मध्ये मॅक्लॉफ्लिन यांनी केलेली यादी तिच्या दुपटीहून मोठी निघाली. दोघेही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. एक दुकानदार, एक छांदिष्ट. वंशावळ अशाच लोकांना लावता आली, कारण एकच चूक पुन्हा पुन्हा विकत घेण्याचा अर्ज कुठल्याही ग्रंथालयाच्या खरेदी समितीने मंजूर केला नसता.

यावर पहिला आक्षेप असा, की चूक म्हणजे अखेर अज्ञानच. त्याचं एवढं कौतुक कशाला? त्याला उत्तर म्हणून टॉलेमीचा भारत पाहावा. दुसऱ्या शतकातल्या या अलेक्झांड्रियाच्या भूगोलवेत्त्याच्या ग्रंथावरून १४७७ मध्ये बोलोन्याला आणि १४८२ मध्ये उल्मला नकाशे छापले गेले. त्यांत भारताचं द्वीपकल्प जवळजवळ गायबच आहे; सिंधूच्या मुखापासून किनारा आडवाच पूर्वेला जातो आणि खाली श्रीलंका कित्येक पटींनी फुगून बसलेली. आकार पाहिला तर हसू येतं. पण याच टॉलेमीला सुप्पारा म्हणजे सोपारा ठाऊक आहे, सिमुल्ला म्हणजे चौल, तगर म्हणजे तेर, आणि बैठान म्हणजे पैठण. पैठणचा राजा पुळुमावी आहे हेसुद्धा. ज्याला अख्खं दख्खन दिसलं नाही त्याला पैठणच्या राजाचं नाव माहीत होतं. कारण नावं व्यापाऱ्यांच्या तोंडून आली होती आणि आकार प्रवासाच्या दिवसांच्या हिशेबावरून. कुठली माहिती कुठल्या वाटेने आली, हे त्या वाकड्या आकारात आणि सरळ नावांत गोठून राहिलं आहे. नकाशा पूर्ण बरोबर असता तर हा सांधा दिसलाच नसता.

बरोबर असण्याचाही संशय येऊ शकतो, याचं उदाहरण येल विद्यापीठाने १९६५ मध्ये गाजावाजा करून पुढे आणलेला ‘व्हिनलँड’ नकाशा. कोलंबसाच्या आधी नॉर्स दर्यावर्दी अमेरिकेला पोहोचल्याचा पंधराव्या शतकातला पुरावा म्हणून तो मांडला गेला. त्यातलं ग्रीनलंड मात्र त्या काळाला न शोभेल इतकं नीट होतं, बेट म्हणून, उत्तर किनाऱ्यासकट. पुढे शाईत विसाव्या शतकातलं टायटॅनियमचं रंगद्रव्य सापडलं आणि २०२१ मध्ये येलनेच तो बनावट असल्याचं जाहीर केलं. बनवणाऱ्याला शाई साधली नाहीच, पण आपल्या काळाचं ज्ञान विसरून जुन्या माणसासारखं चुकणं त्याहून अवघड गेलं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो मला पूर्ण परतवता येत नाही. संग्राहकांनी नकाशे वाचवले म्हणता, पण फाडले कुणासाठी? सुटं पान विकलं तर अख्ख्या ग्रंथापेक्षा जास्त पैसे येतात, म्हणून विक्रेत्यांनी अ‍ॅटलसं फोडली. मागच्या बाजूचा लॅटिन, डच किंवा फ्रेंच मजकूर, ज्यावरून आवृत्ती ओळखायची, तो चौकटीत भिंतीकडे तोंड करून गेला. त्यापुढची पायरी सरळ चोरीची. फोर्ब्ज स्मायली या प्रतिष्ठित नकाशाविक्रेत्याच्या हातून जून २००५ मध्ये येलच्या बाइनेकी ग्रंथालयात धारदार पातं जमिनीवर पडलं. कर्मचाऱ्याच्या ते नजरेस आलं आणि पोलिसांनी त्याला गाठलं. हार्वर्ड, न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, लंडन अशा ठिकाणच्या ग्रंथालयांतून सत्त्याण्णव नकाशे चोरल्याची त्याने कबुली दिली आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ते नकाशे विकले गेले होते अर्थातच संग्राहकांना. एवढं मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही ग्रंथालयांना आपल्याकडून काय गेलं हे नीट सांगता येईना, कारण ग्रंथातल्या नकाशांची पानोपान नोंदच नव्हती. दोन प्रती वेगळ्या ओळखायच्या कशा, म्हणजे घडीच्या खुणा, डाग, कसरीने पाडलेली भोकं, छाप किती गडद, हे शास्त्र प्रती शेजारी ठेवून पाहणाऱ्यांनीच वाढवलं, आणि चोराचा माल ओळखायला तेच कामी येतं. रोगाचं औषध रोग्याच्याच घरात, असा हा विचित्र प्रकार आहे. फोडलेल्या अ‍ॅटलसचं पान घेणाऱ्याने मात्र फाडण्याशी आपला संबंध नाही असं म्हणू नये.

तिसरा आक्षेप आजचा. डेव्हिड रम्सी यांच्या संग्रहातले लाखाहून अधिक नकाशे इंटरनेटवर फुकट पाहता येतात, कॅलिफोर्नियाची बेटंही स्टॅनफर्डने तशी खुली केली आहेत. मग कागद कशाला हवा? तुलनेपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. बेटांची डोकी पडद्यावर शेजारी शेजारी लावणं कितीतरी सोपं. पण कागद काही गोष्टी पडद्याला सांगत नाही. तांब्याच्या नकाशात छपाई काळी, रंग मागाहून हाताने. सीमांना आणि जंगलांना लावलेला हिरवा बहुधा जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा. तो वर्षानुवर्षं कागद खात जातो. पान उलटं केलं की सीमेची रेघ मागच्या बाजूला तपकिरी होऊन उमटलेली दिसते. काही ठिकाणी कागद त्या रेघेवरच तडकतो, आणि राज्य नकाशातून खरोखर तुटून पडतं. रंग जुना की गेल्या पन्नास वर्षांत विक्रीसाठी लावलेला, हे या मागच्या डागावरून ताडता येतं. पान उजेडासमोर धरलं की जाळीच्या रेघा आणि जलचिन्ह दिसतं. पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा बोटाला लागतो. वंशावळ लावताना मुलाचा जन्म बापाच्या आधी दाखवायचा नसेल, तर या खुणांवाचून भागत नाही.

आणखी एक आक्षेप सौजन्याने सहसा बोलला जात नाही: हे सगळे नकाशे जग वाटून घेणाऱ्यांचे, ते चौकटीत लावून मिरवायचे कशाला? जेम्स रेनेलच्या १७८२ च्या हिंदुस्थानच्या नकाशावर कोपऱ्यात ब्रिटानिया उभी आहे आणि ब्राह्मण तिच्या हाती आपली शास्त्रं सोपवताहेत. मराठ्यांचं राज्य तेव्हा जोरात होतं. चित्राला त्याची फिकीर नाही. चित्र संतापजनक आहे यात शंका नाही. पण याच रेनेलने १७९८ मध्ये, स्वतः केलेल्या बंगालच्या मोजणीची सगळी पुण्याई पाठीशी असताना, पश्चिम आफ्रिकेत आडवी ‘काँग’ नावाची पर्वतरांग काढली. नायजर नदी दक्षिणेला समुद्राकडे वळत नाही या आपल्या सिद्धांताला त्याला भिंत हवी होती. फ्रेंच अधिकारी बँजे १८८७ ते १८८९ मध्ये तिथून चालत गेला आणि पर्वत नाही म्हणाला. तोवर तो कित्येक नकाशांवर उभा होता. सत्तेला जग ठाऊक होतं म्हणून तिने ते घेतलं, हा तिचाच दावा. बरोबर नकाशे जमवणारा त्या दाव्याला बळी पडतो. चुकीचे जमवणाऱ्याला काँगचा पर्वत पुराव्यासारखा हाताशी असतो.

कॅलिफोर्नियाचं बेट जोडलं गेलं ते शिंपल्यांमुळे. एउसेबियो किनो हा जेझुइट धर्मोपदेशक स्वतःही काही काळ ते बेटच मानत होता. १६९९ मध्ये हिला नदीच्या परिसरातल्या आदिवासींनी त्याला निळे शिंपले भेट दिले. असे शिंपले त्याने पूर्वी फक्त कॅलिफोर्नियाच्या महासागराकडच्या किनाऱ्यावर पाहिले होते. मधे समुद्र असेल तर ते इथवर पायी चालणाऱ्या माणसांच्या हातात आले कसे? तो पुढच्या दोन-तीन वर्षांत कोलोरॅडो ओलांडून पाहून आला, आणि जमिनीवरून कॅलिफोर्नियाला जाणारी वाट दाखवणारा त्याचा नकाशा १७०५ मध्ये पॅरिसला छापला गेला. पॅरिसच्या गीयोम दलीलने बेट आधीच वगळलं होतं. तरी लंडनमध्ये आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये ते छापलं जातच होतं. १७४६ मध्ये फर्नांदो कोन्साग पुन्हा आखाताच्या टोकापर्यंत गेला, आणि १७४७ मध्ये स्पेनचा राजा सहावा फर्डिनंड याने कॅलिफोर्निया बेट नाही असं फर्मान काढलं. भूगोलावर असं फर्मान क्वचितच निघालं असेल. त्यानंतरच्या वर्षांतलीही बेटं स्टॅनफर्डच्या संग्रहात आहेत.

१७७० च्या दशकात दिदेरोच्या ज्ञानकोशाच्या पुरवणीसाठी रोबेर द व्होगोंदीने एक ताव तयार केला. त्यावर कॅलिफोर्नियाचे पाच नकाशे शेजारी शेजारी आहेत: १६०४ चा एक हस्तलिखित, सांसोंचा १६५६ चा, दलीलचा १७०० चा, किनोचा १७०५ चा आणि शेवटी जेझुइटांचा १७६७ चा. बरोबर, मग बेट, मग शंका, मग वाट, मग पुन्हा द्वीपकल्प. मॅक्लॉफ्लिन यांनी चाळीस वर्षांत जे केलं ते व्होगोंदीने एका पानावर करून ठेवलं होतं. हा ताव आज नकाशांच्या बाजारात सहज मिळतो, सुटा, ज्ञानकोशाच्या खंडातून काढलेला; आणि तो घेणारे बहुतेक बेट जमवणारेच असतात.